बक्षीस न देणाऱ्याला सांगायचं नाव

ल्यों शहरातल्या त्या लहानशा थिएटरात, टॉर्च धरून लोकांना खुर्चीपर्यंत नेणाऱ्या बायकांना पगार नव्हता. प्रेक्षक हातावर ठेवील तेवढीच कमाई. कुणी चिक्कू निघाला आणि पडद्यावर खुनाचा चित्रपट असला, की त्याच्या कानात खुन्याचं नाव सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची जुनी रीत.

ओर्तांसने मात्र दोन आठवड्यांत ते नाव एकदाही सांगितलं नव्हतं. सध्या लागलेल्या विनोदी चित्रपटातला खुनी तिचा मुलगा फिर्मँ होता. चित्रभर तो भोळा घड्याळजी म्हणून वावरे आणि अगदी शेवटी पकडला जाई. चित्र पुरं झालं त्याच वर्षी त्याला जबरदस्तीने जर्मनीतल्या कारखान्यात नेलं. लढाई संपून वर्ष झालं, तो आला नाही. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, की पकडल्यावर मी बाबांसारखी टोपी काढतो, नक्की बघ.

पण शेवटाच्या आधीच तिला बाहेर जाऊन दारं उघडावी लागत. मालकाचा हुकूम. दाराआडून तिला ऐकू येई ते फक्त हसणं.

आज दुपारचा खेळ शेवटचा. उद्या चित्र दुसऱ्या गावी जाणार.

उशिरा आलेला एक माणूस काही न देताच बसला. पलीकडून दुसरी टॉर्चवाली, जिनेत, कुजबुजली, "सांग की त्या चिकटोबाला. आज तरी सांग."

ओर्तांस वाकली. "खुनी तो घड्याळजी आहे," ती म्हणाली. आणि तिथून हलायचं तिला सुचेना. "माझा मुलगा आहे तो. जर्मनीहून आला नाही."

त्या माणसाने बाजूच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून घेतला.

"बस गं तू," जिनेत म्हणाली. "दारं मी बघते."

पडद्यावर पोलिसांनी फिर्मँला धरलं. त्याने दोन बोटांनी मागून टोपी उचलली, थेट बापासारखी, आणि वाकून नमस्कार केला. सगळं थिएटर खदखदून हसलं.

"अहो बाई, तो टॉर्च विझवा," मागून कुणीतरी ओरडलं.

तिच्या मांडीवर तो पेटलेलाच होता. शेजारच्या माणसाने हळूच आपली हॅट त्यावर ठेवली.