सहा चाकूंचा एकच कोपरा

संघमित्राने सहावा चाकू उलटा केला, मुठीच्या शेपटाकडच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि तो बाकीच्या पाचांशेजारी वर्तमानपत्रावर ठेवला. तोच कोपरा, तसाच चेपलेला. सहा चाकू, सहा माणसं, आणि मार मात्र एकाच जागी बसलेला. योगायोगालाही काही लाजलज्जा असते.

"हे बघा, आबा," ती म्हणाली. "एखाद्याच्या हातून पडला असं म्हणाला असतात, तर मी मान्य केलं असतं. पण सहाच्या सहा एकाच कोपऱ्यावर पडतात?"

सुपडू आबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाच्या गावांतून केळीचा माल उतरवणारी नऊ जणांची टोळी होती आणि आबा तिचे मुकादम. सदरा केळीच्या चिकाने काळाभोर झालेला. त्यांनी चाकूंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोनी पाडा नही, मॅडम."

"मग आपोआप चेपले?"

"आता काय सांगू? तुमीच पाहा."

तुम्हीच पाहा. चौदा वर्षं जळगावच्या सर्व्हिस काउंटरवर बसून संघमित्राने हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकले होते, की ते कानावर पडले की तिचा हात आपसूक फॉर्मकडे जाई. 'काहीच केलं नाही, बसल्या जागी बंद पडला' अशी देवाची शपथ घेतलेल्या एका मिक्सरमधून तिने लाकडी पळीचा तुकडा काढला होता. इस्त्रीत पाणी, टॉर्चमध्ये मुंग्या. लोक वाईट असतात असं तिचं म्हणणं नव्हतं. पण गॅरंटीचं कार्ड हातात आलं की भला माणूसही थोडासा कवी होतो, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

या जातीचे चाकू तिच्या काउंटरवर गेल्या वर्षीपासून यायला लागले. घडीचा चाकू, पातं अंगठ्याने जरासं ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करते आणि ते खटकन उघडतं. एका हाताने केळीची फणी धरायची आणि दुसऱ्या हाताने चाकू उघडायचा, अशा कामाला अगदी सोयीचा. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: जन्मभराची गॅरंटी.

"जन्मभराची म्हटलं की लोक जन्मभर मोडत बसतात," धुळ्याच्या डेपोतून तिचे वरिष्ठ रवींद्र सर फोनवर म्हणाले होते. "एकाच बिलावर नऊ चाकू घेतले, चार महिन्यांत सहांची स्प्रिंग गेली, आणि सगळ्यांवर सारखी खूण. अहो, दगडाने ठोकून मोडत असतील. इथून नवे घ्यायचे, बाजारात विकायचे. तुम्ही एकदा जाऊन या आणि गैरवापर लिहून टाका. मागच्या तिमाहीत तुमच्याकडून फार दावे मंजूर झालेत, मॅडम. वरून विचारणा आहे."

विचारणा कसली, चांगलं लेखी पत्रच आलं होतं. ते तिच्या पर्समध्ये अजून होतं. दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिणारच. म्हणून सकाळच्या बसने संघमित्रा सहा चाकू पिशवीत घालून इथवर आली होती. फॉर्मवर दोनच चौकोन होते: उत्पादनातील दोष, नाहीतर गैरवापर. दुसऱ्यावर खूण पडली की बिलावरच्या नऊही चाकूंची गॅरंटी तिथल्या तिथे संपणार होती.

"ताई, पानी ल्या."

आबांची बायको केसरबाई तांब्या घेऊन उभी होती. टोळीत तीही होती. फण्या सुट्या करणं तिचं काम. संघमित्राने घोटभर पाणी घेतलं. केसरबाई मात्र हलली नाही. मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"यास्नी बठ्ठास्ले सांगं, लई ल्या, जनमभरनी गॅरंटी शे. यास्ना शबदवर घिदात लोकस्नी. आते म्हनतस, आबानी दुकानदारनं कमिशन खादं." आबांच्या शब्दावर सगळ्यांनी चाकू घेतले होते आणि आता बोल त्यांनाच लागत होता. तिने पदराने तोंड पुसलं. "बावीस वरीस मुकादमी करी. आते तुमी लबाड लिखं, तं टोळी आज फुटस."

"मी अजून काहीच लिहिलेलं नाही, अक्का."

"लिखानं कागद तं हातमा शे."

बाई बोलायला धारदार होती. संघमित्राला थोडं अवघडल्यासारखं झालं आणि त्यामुळेच तिचा संशय आणखी ताठ झाला. डोळ्यांत पाणी आणणारे दावे तिने कमी पाहिले नव्हते.

ती उठली आणि बागेच्या कडेने फिरू लागली. टोळी कामाला लागली होती. कोयत्याने घड उतरत होते, खांद्यावरून येऊन अंथरलेल्या पानांवर आडवे होत होते. मग फण्या सुट्या व्हायच्या आणि पाण्याच्या टाकीत पडायच्या. सहा चाकू तिच्या पिशवीत असल्यामुळे नऊ जणांत आता तीनच उरले होते आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होते. तिच्याकडे कोणी सरळ पाहत नव्हतं. प्रेमराज नावाचा तिशीतला गडी तेवढा अधूनमधून पाही, आणि पाहताना आबांकडेही पाही. कमिशनची गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली असेल, ते वेगळं विचारायला नको होतं.

टाकीजवळ तिला दगड दिसला.

काळा, सपाट, पाटाएवढा. वर बारीक चकचकीत ओरखडे, लहान लहान ठोक्यांच्या खुणा, सगळ्या मधोमध. धातू आपटल्याशिवाय अशा खुणा होत नाहीत. संघमित्राचं काळीज एकदम हलकं झालं. खरं बोलायचं तर तिला आनंदच झाला. तिने मोबाइल काढला आणि दोन फोटो घेतले.

"मॅडम, दगडना फोटो कसाले?" प्रेमराजने विचारलं.

"असू द्या. लागतो."

तिने बाजूला जाऊन धुळ्याला फोन लावला.

"दगड सापडला, सर."

"बघा! मी काय म्हणत होतो? लिहा आणि दीडची बस पकडा."

ती परत आली, क्रेट उलटा करून टाकीपाशी बसली आणि फॉर्म मांडीवर घेतला. पेनाचं टोपण काढलं. समोर केसरबाई फणी कापत होती. प्रेमराजला दोरी कापायची होती. त्याने नुसती मान हलवली. केसरबाईने उघडा चाकू उलटा केला, पात्याला दगड लागू नये म्हणून मुठीचं शेपूट खाली करून दगडावर टेकवला आणि सोडून दिला. टक. प्रेमराजने उचलला. दोरी कापली. मग तसाच शेपटावर दगडावर सोडला. टक. तिसऱ्या कोणी उचलला.

संघमित्राचं पेन जागच्या जागी थांबलं. ती मोजू लागली. अर्ध्या तासात सतरा वेळा.

"अक्का," तिने शेवटी विचारलं, "तो समोरच उभा आहे. त्याच्या हातात का देत नाही?"

केसरबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी जेवताना उजवाच हात का वापरता म्हणून विचारावं.

"चाकू कोनी हातमा देस का, ताई? भांडन लागस."

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. एवढी साधी गोष्ट जळगावच्या बाईला माहीत नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"आमच्याकडे असलं काही मानत नाहीत," संघमित्रा म्हणाली. जरा जोरातच म्हणाली. तिचे वडील पाचोऱ्याला शिक्षक होते. मांजर आडवं गेलं की ते मुद्दाम तोच रस्ता धरायचे आणि मुलांनाही सोबत न्यायचे. दाराला लिंबू नाही, बाळाला तीट नाही. बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचं कपाट. त्या घराचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवलाही नव्हता.

"आणि आबा, कारण काहीही असो. दिवसातून शंभर वेळा दगडावर टाकणं म्हणजे आपटणंच. फॉर्मच्या भाषेत त्याला गैरवापर म्हणतात."

शब्द पडला आणि काम थांबलं. प्रेमराजने हातातली फणी पाण्यात सोडली. आबांनी दगडाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकलेला रस्ता ध्यानात आलेल्या माणसासारखे ते दिसत होते, आणि ते पाहणं रागापेक्षा अवघड होतं.

"आम्हाला कोनी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "कंपनीचा कायदा असंल तर असंल. आजपासून हातात देऊ." ते प्रेमराजकडे वळले आणि हात पुढे केला. "आन रे. दे हातात."

प्रेमराज चाकू धरून उभा राहिला. गावभर आबांच्या नावाने बोलून आलेला हाच माणूस. भांडणच हवं असतं तर त्याला यापेक्षा सोपी संधी मिळणार नव्हती. तो पुढे आला, वाकला आणि चाकू आबांच्या पायाशी जमिनीवर ठेवून मागे सरला.

"मी नही देवाव, आबा," तो पुटपुटला. "दुसरा कोनले सांगा."

कोणी हसलं नाही. आबांनी चाकू उचलला, पातं आत घेतलं, आणि मूठ पुढे करून संघमित्रासमोर धरला.

"मग तुमी घ्या, मॅडम. हाऊ चालू शे. याचा खटका चांगला आहे. तुमचं तर असलं काही नसतं."

बोलण्यात टोमणा नव्हता. म्हातारा मनापासून कंपनीचा कायदा पाळायला निघाला होता. त्यांच्या हातून चाकू फक्त घ्यायचा होता. लहानपणापासून ती ज्या गोष्टीवर हसत आली, ती आता नऊ माणसांदेखत नुसती हात पुढे करून मोडून दाखवायची होती.

"खाली ठेवा, आबा."

बोलणारी आपणच, हे तिला ऐकल्यावर कळलं. तिचा हात मांडीवरच्या फॉर्मखाली गेला होता. तिला या माणसाशी भांडण नको होतं. आज नको, पुढेही कधी नको. आणि हे इतकं खरं होतं, की ते मानण्या-न मानण्याच्या पलीकडे निघून गेलं होतं. तिची आई सुरी ओट्यावर ठेवायची आणि मग "घे" म्हणायची. वडील समोर बसलेले असत, पण त्यांनी कधी टोकलं नव्हतं. मुळात कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

आबांनी चाकू दगडावर ठेवला. टक.

केसरबाईने मान वळवून पाण्यातल्या फण्या उगीचच हलवल्या. संघमित्राने चाकू उचलला. शेपटाचा कोपरा चेपलेला होता, अगदी पिशवीतल्या सहांसारखा. तिने अंगठ्याने पातं ढकललं. ते खटकन उघडलं. परत मिटलं, परत उघडलं. स्प्रिंग ठणठणीत होती.

"बाकीचे दोन आणा."

दोन्ही आले, एकापाठोपाठ एक दगडावर टेकले. दोघांचे कोपरे चेपलेले होते आणि दोघांचे खटके शाबूत. तिने पिशवीतून एक मोडका चाकू काढला, पर्समधल्या बारीक पेचकसाने त्याचे स्क्रू काढले आणि स्प्रिंग तळहातावर घेतली. कोपऱ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाच्या वळणापाशी तुटलेली होती. तिथे धातू भुरकट आणि ठिसूळ दिसत होता. दुसरा चाकू उघडला, तिथेही तसंच. मार खाल्लेली जागा एकीकडे, मोडलेली दुसरीकडे. चौदा वर्षं तिच्या काउंटरवर फक्त मोडलेलंच येत होतं. न मोडलेल्यावरही त्याच खुणा असतात का, हे पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि तिला ते कधी सुचलंही नव्हतं.

फोन वाजला. धुळ्याचा होता.

"झालं का लिहून? दगडाचा फोटो लावा हं, पुरावा म्हणून."

"लावते, सर," ती म्हणाली. "स्प्रिंगचेही लावते. ते आधी बघा."

पलीकडून काही प्रश्न सुरू झाला होता, पण तिने बस जवळ आल्याचं सांगून फोन ठेवला. बसला अजून बराच वेळ होता.

"सहाही बदलून येतील," ती आबांना म्हणाली, पण टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "दुकानदाराचा काही संबंध नाही आणि तुमचाही नाही. दोष कंपनीच्या मालात आहे. तीन आठवडे लागतील."

आबांनी नुसती मान हलवली. प्रेमराजने खांद्यावरची चुंबळ सारखी केली.

"आबा," त्याने विचारलं, "उद्या कोनती बाग? पहाटे कितीले येवानं?"

"पाचले," आबा म्हणाले.

संघमित्राने पहिल्या चौकोनात खूण केली. स्प्रिंगची हकीकत चार ओळींत लिहिली. मग उरला तो खालचा रकाना: वस्तूवरील इतर खुणा व त्यांचे कारण. हा रकाना वरचे लोक आधी वाचतात, हे तिला ठाऊक होतं. पर्समधल्या पत्राची तिला आठवण झाली. तिने थोडा विचार केला आणि स्वच्छ, सुट्या अक्षरांत लिहिलं:

'मुठीचा कोपरा खाली टेकवल्याने चेपला आहे. आमच्याकडे चाकू हातात देत नाहीत.'