दिव्याला नेसवलेलं लुगडं

ब्राह्मी बेंगळूरहून बोरगावला आली ती तोंड पाडूनच. बेंगळूरच्या प्रयोगशाळेत ती न्यूक्लिक आम्लांच्या घटकांवर अतिनील किरण सोडून पाही. युरॅसिल नावाचा एक घटक पाण्यात विरघळवायचा नि बशीत घालून दिव्याखाली ठेवायचा. किरणांनी त्याची घडण बदलली, की प्रकाश शोषून घेण्याची त्याची ताकद उतरते. इतरांच्या हातून ती उतरे. ब्राह्मीचं युरॅसिल मात्र ढिम्म. सुट्टीनंतरही हेच झालं तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं.

धोंडूबाई आत्तीनं वाती वळता वळता सारं ऐकून घेतलं. तिची काळजी निराळीच होती. दिव्याचा उग्र वास येतो म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात, हे कळल्यावर तिचे हात थांबले.

"मग पाखरं, चिलटं पडत असतील की गं त्या बशीत."

"पडू देईन व्हय, आत्ती? काच झाकते की वर."

आत्ती खूश झाली. पोरगी एवढी शिकली, पण भांडं उघडं टाकायला काही शिकली नाही. ब्राह्मीनं मात्र कपाळावर हात मारला. साधी काच हे किरण अडवते, म्हणून तर तिथल्या दिव्याची नळी मुद्दाम, किरण आरपार सोडणाऱ्या क्वार्ट्झची होती. आणि त्या दिव्याखाली ती रोज आपल्या हातानं काच झाकत होती. सरांना हे कधी सांगितलंच नव्हतं. भांडं झाकलं, हे काय कुणी सांगतं?

झाकण काढावं लागेल, असं तिनं भीत भीत सांगितलं.

"मग तुझं जाणं न्हाय," आत्ती म्हणाली आणि पुन्हा वाती वळू लागली. त्या घरात तिचा शब्द शेवटचा.

ब्राह्मीनं बराच विचार केला. मग आत्तीचं विरलेलं शहापुरी लुगडं मागितलं. लाकडी चौकट करून दिवा आणि बशी दोन्ही लुगड्याच्या आत घ्यायची. किरण आत, चिलटं बाहेर.

"तुला सोताला धड नेसता येत न्हाय, दिव्याला काय नेसवतीस?" आत्ती म्हणाली. पण लुगडं काढून दिलं, आणि काठ खाली येऊ दे, उलटं लावू नको, असं दोनदा बजावलं.

बेंगळूरला सगळे त्या तंबूला हसले. संध्याकाळी युरॅसिलची ताकद उतरलेली दिसली, तसे सर वाकून तंबू निरखू लागले. कापडाचा काठ खालीच का, असं त्यांनी विचारलं.

त्याला शास्त्रीय कारण नाही, ब्राह्मी म्हणाली, पण बदलता येणार नाही.