मागे कोण हसतंय?

मी शाळेच्या कार्यालयात हजेरीपट सांभाळते आणि माझे धाकटे दीर त्याच शाळेत बँड शिकवतात. त्यामुळे त्यांच्या रजांचा हिशेब माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. गेल्या वर्षी बारा रजा, बाराही वेळा कारण पोटदुखी. शहरात कुठे ट्रम्पेट वाजवायला बोलावणं आलं, की नेमकं त्याच दिवशी ते पोट दुखतं. मुख्याध्यापिकाबाईंनाही हे माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्या फक्त विचारतात, “काल पोट कसं वाजलं?”

यंदा मात्र प्रकरण साधं नव्हतं. शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात ट्रम्पेटची कायमची जागा निघाली होती. एका माणसाला तीनच संधी, असा त्यांचा नियम. भावोजी दोनदा आपटले होते, ही तिसरी. महिनाभर त्यांच्यासोबत तालमी करायच्या, मग संचालक काय ते ठरवणार. तालमी संध्याकाळच्या, म्हणजे शाळाही सुटणार नव्हती. पंचेचाळिशीच्या माणसाला इतकं सोयीचं पुन्हा कुठलं मिळायला!

शेवटची तालीम शनिवारी झाली. रविवारी सकाळी भावोजी आमच्याकडे आले ते ट्रम्पेटची पेटी घेऊनच.

“दादा, ही तुझ्या माळ्यावर टाक.”

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. “एवढं काय वाईट वाजवलंस?”

“वाजवलं चांगलंच. थांबवलं, तिथे घात झाला.”

चहाचा दुसरा कप झाल्यावर सगळं बाहेर आलं. शेवटच्या तुकड्यात व्हायोलिनवाले आपली पाळी यायच्या आधीच घुसले. शाळेत असं झालं की भावोजी समोर स्वरलिपीची पानं ठेवायच्या स्टँडवर टकटक करतात. गेली अठरा वर्षं करताहेत. हात आपोआप गेला.

“मी म्हटलं, थांबा, थांबा! मुलांनो, वीस नंबरपासून पुन्हा.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय वहिनी, चाळीसच्या चाळीस थांबले. पानं उलटून वीस नंबरवर गेले. संचालकांची काठी तशीच हवेत.”

“एवढंच ना?”

“एवढंच असतं तर! मागे ढोलवाले काका हसले. साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी. मी म्हटलं, मागे कोण हसतंय? उभा राहा.”

“आणि?”

“राहिले ना उभे!”

ह्यांनी वर्तमानपत्र घाईघाईने तोंडापुढे धरलं. ते बराच वेळ हलत होतं. मला मात्र हसू येईना. भावोजींनी पेटीकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तरी ती माळ्यावर टाकायचं काम मी मुद्दाम लांबवलं, आणि जाताना परत त्यांच्याच हातात दिली.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर कार्यालयातला फोन वाजला. “ट्रम्पेटवाले आहेत का? वाद्यवृंदाचा संचालक बोलतोय.”

मी शिपायाला बँडच्या खोलीकडे पिटाळलं. तो निरोप घेऊन आला, “सर म्हणतात, पोट दुखतंय.”

एवढ्या वर्षांत हीच पोटदुखी खरी असावी.

“मी त्यांची वहिनी,” मी फोनवर म्हटलं. “काय ते मला सांगा.”

“मग ऐका, वहिनी. परवा व्हायोलिनला खूण मीच लवकर दिली होती. चाळीस जणांना कळलं होतं, बोलले हे एकटेच. जागा त्यांची. कागद उद्या येईल. फक्त आमच्यात ‘मुलांनो’ म्हणायचं नाही. आणि ढोलवाले विचारताहेत, आता बसू का?”

मी फोन ठेवला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. या गुडघ्यांवर मी असे उपकार सहसा करत नाही. खोलीत बँड वाजत होता आणि भावोजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“भावोजी, ढोलवाल्यांना बसायची परवानगी द्या,” मी म्हटलं. “यापुढे रोज संध्याकाळी भेटणार आहात.”

ते वळले. जवळच्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मुलं वाजवतच होती. बासरीवाल्या मुली केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या, झांजा भलतीकडेच पडत होत्या. मी सवयीने चुका मोजल्या. नऊ झाल्या.

भावोजींनी स्टँडला हातही लावला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच आमचा बँड सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजला.