मंजिष्ठाच्या हंड्यात पडलेली नाल

मी एक जुना हंडा आहे, तांब्याचा, आणि माझ्यात रांधलेलं आजवर कुणी खाल्लेलं नाही. माझ्यात शिजतो तो रंग. फेस शहरातल्या तांबटाने मला ठोकून घडवलं, खेचरावर लादून मी डोंगरात आलो, आणि तेव्हापासून याच अंगणात आहे. मध्ये सात वर्षं कोंबड्या माझ्यात अंडी घालत होत्या. मग इत्तो सून होऊन आली. तिने मला राखेने घासलं आणि लोकर रंगवून विकायचा धंदा पुन्हा सुरू केला.

धंदा म्हणजे काय, तर एक हात माझ्यात आणि दुसरा कणकेत. नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात, पाठीला दात येत असलेलं लेकरू, आणि चुलीशी सासू, हद्दा. हद्दा मनाची वाईट नाही, पण भित्री फार. घरात कुणी शिंकलं तरी तिला कुणाची तरी नजर लागलेली दिसते.

मित्रांनो, त्या सोमवारचं मी अजून विसरलेलो नाही.

वरच्या गावची यामना गालिचा विणत होती, लेकीच्या लग्नासाठी. लग्नाला सहा दिवस उरले आणि मागावर लाल लोकर कमी पडली. आधीचा लाल माझ्यातलाच होता, तेव्हा पुढचाही तसाच हवा. नाहीतर लाल रंगात मधेच भलता पट्टा उठणार, आणि सगळी वरात तो बघणार. इत्तोने सहा लडी मंगळवारी दुपारपर्यंत द्यायचा शब्द दिला. यामनाच्या शब्दावर वरचं अख्खं गाव चालतं. ती रुसली तर गिऱ्हाईक तुटलंच.

मागल्या खेपेला यामना म्हणाली होती, "इत्तो, तुझ्यासारखा लाल अख्ख्या डोंगरात नाही गं." पण देवाचं नाव न घेताच म्हणाली. देवाचं नाव न घेता केलेलं कौतुक म्हणजे नजर लागलीच, हे हद्दाने तेव्हापासून मनात धरलेलं. लेकराला ताप आला, तेही तिने त्याच खात्यावर टाकलं.

सोमवारी सकाळी इत्तोने मंजिष्ठाच्या भिजवलेल्या मुळांचं निम्मं पाणी माझ्यात ओतलं आणि ती भाकरी भाजायला वळली. तेवढ्यात हद्दा आली. दारावरची खेचराची नाल तिने काढली होती. लोखंडाने नजर पळते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. नाल दारावर असते, पाळण्याखाली असते. पण रंगात? तिने ती हळूच माझ्यात सोडली.

मला तिचा गार स्पर्श तळाला जाणवला. लोखंड लागलं की मंजिष्ठाचा लाल काळवंडतो, हे मला ठाऊक होतं. पण मी मुका. फार तर खळखळ उकळून नाल वाजवता आली असती, पण उकळलं की लाल मरतो. सांगावं तरी नास, न सांगावं तरी नास. मी नुसता तापत राहिलो.

सुदैवाने इत्तो आधी छोटी लड बुडवून बघते. लड वर आली ती शिजलेल्या काळजाच्या रंगाची.  इत्तोने काठीने तळ ढवळला, नाल वर काढली आणि दारावरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. हद्दा सलगम सोलत होती. सुरी थांबली होती.

 इत्तोने मला ओतलं, वाळूने घासलं, उरलेलं निम्मं पाणी भरलं आणि दिवसभर माझ्यात बोटं घालून ऊब जोखत बसली. लेकरू रडून रडून तिच्या पाठीवरच झोपलं. पण निम्म्या पाण्यात तीनच लडी लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी यामना आली. "तीन? उरलेल्या काय तुझा बाप देणार?"

"मावशी, चूक माझी. हंड्यात लोखंड राहिलं."

"रंगारीण म्हणवतेस आणि हंडा बघत नाहीस? मी शहरातल्या पुडीचा रंग घेते. वरच्या गावात सगळ्यांना सांगतेही."

 मला वाटलं, संपलं. उद्यापासून पुन्हा कोंबड्या.

तेव्हा हद्दा दारातून पुढे आली.  "नाल मी टाकली, यामना. तू देवाचं नाव न घेता वाखाणलंस, मी भ्याले. हिच्या हाताला दोष देऊ नकोस."

यामना तिच्याकडे वळली. "मग नाल माझ्या तोंडात घालायची होतीस, म्हातारे. रंग तरी वाचला असता." तिने लडी उन्हात धरल्या, घरून आणलेला गालिच्याचा लाल धागा त्यांवर ठेवला. धागा शोधूनही सापडेना. "गालिचा वीतभर आखूड होईल. होऊ दे. धाकट्या लेकीच्या लग्नाची लोकर वेळेत सांगेन, आणि त्या लोकरीला इत्तोशिवाय कुणी हात लावायचा नाही."

ती गेल्यावर हद्दाने भाकरीचा पहिला तुकडा तेलात बुडवून सुनेच्या तोंडात घातला. इत्तोचे हात कोपरापर्यंत लाल होते, डोळेही.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासा, कोरडं ठेवा, कोंबड्यांपासून वाचवा, एवढं मागणं आहेच. पण त्या दिवशी मी सगळं जाणत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. हद्दाला बोलता येत होतं, तरी तिला एक दिवस लागला. तेवढ्या वेळात तीन लडींचा लाल गेला आणि सुनेचं नावही जाता जाता राहिलं. तुमच्या हातून काही बिघडलं, तर पहिली लड बुडायच्या आत सांगून टाका.