गोलकीपर खाली बसली तेव्हा

मंगळवारी सकाळी बातमी कळली तेव्हा सेफेरिनो बुटांचा चिखल खरवडत होता. स्पोर्तिवो केमादो क्लबच्या बायकांच्या फुटबॉल संघाचे बूट, मोजे, जर्सी सांभाळणं हे त्याचं काम. दोन रात्री इस्पितळात काढून तो तासाभरापुरता क्लबात आला होता, कारण रिकामे हात त्याला सोसवत नव्हते. मेव्हणीचा फोन आला. "सेफे, मारिसेल गेली," एवढंच ती म्हणाली. त्याने हातातला बूट साफ करून रांगेत ठेवला. मग भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. प्रशिक्षक बारोसने कमरेला मिठी मारून मागे ओढेपर्यंत तो आपटतच राहिला.

मारिसेल त्याची बायको. एकतीस वर्षांची, संघाची गोलकीपर.

रविवारी सामना व्हिया रोकाच्या पोरींशी होता. केमादो एका गोलने पुढे होतं आणि पोरी दमल्या होत्या. अशा वेळी काय करायचं ते ब्वेनोस आयर्सच्या सगळ्याच क्लबांना माहीत आहे. बाकावरून खूण होते आणि गोलकीपर मांडी धरून खाली बसते. तिला उपचारासाठी बाहेर जावं लागत नाही, खेळच थांबतो. तेवढ्यात बाकीच्या पोरी कडेला येऊन पाणी पितात, प्रशिक्षकाच्या शिव्या खातात. केमादोची खूण म्हणजे सेफेरिनोच्या खांद्यावरचा पिवळा टॉवेल. त्या दिवशी त्याने तो दोनदा खांद्यावर टाकला आणि मारिसेल दोनदा खाली बसली.

मग कॉर्नर आला. व्हिया रोकाची ग्रिसेल्दा, जिला सगळे ताना म्हणतात, चेंडूवर झेपावली आणि तिचा गुडघा मारिसेलच्या कानशिलावर बसला. आवाज बाकापर्यंत आला. मारिसेल उठली, थुंकली, काही नाही म्हणून हात हलवला. चार मिनिटांनी ती पुन्हा खाली बसली.

लोकांनी बाटल्या फेकल्या. पंच घड्याळ दाखवत ओरडू लागली. तानाने मारिसेलची जर्सी गळ्याशी धरून तिला अर्धवट उचललं. "ऊठ, नाटकी! किती वेळा मरशील?"

सेफेरिनो पाण्याची बाटली घेऊन धावला. मारिसेल म्हणाली, "सेफे, मला सगळं दोन-दोन दिसतंय." तो हसला. वाकून म्हणाला, "झकास. अजून एक मिनिट काढ."

तिने ते मिनिट काढलं आणि उठली. गोलच्या खांबापाशी जाऊन तोंडावर पडली ती पुन्हा उठली नाही.

नंतर ज्याने त्याने विचारलं, तिने तुला काय सांगितलं? त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: बरी आहे म्हणाली.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, आवेशानेदा उपनगरात खेळाडूंच्या संघटनेची बैठक भरली. लीगने नवा नियम सुचवला होता. गोलकीपर खाली बसली तर तिच्या संघातल्या एकीने दोन मिनिटं बाहेर जायचं. केमादोची कप्तान दायाना त्याला सोबत घेऊन गेली.

"तू एवढंच सांग," ती वाटेत म्हणाली. "हा नियम आला तर लागलेली गोलकीपरसुद्धा संघापायी उभी राहील. तुझ्या तोंडून ऐकलं की सगळ्या गप्प बसतील."

सेफेरिनोला नियमाशी देणंघेणं नव्हतं. ताना तिथे येणार होती, म्हणून तो निघाला होता.

खोलीत तिसेक बायका आणि माते नावाच्या कडू चहासाठी उकळत्या पाण्याचे दोन थर्मास. पेत्रोना नावाची जुनी गोलकीपर टेबलावर मूठ आपटत होती. "बोटं मोडली तरी मी उभी राहिलेय! आता बसले तर माझ्याच पोरी मला लाथ घालून उठवतील!"

"तू बसतेसच कशाला, पेत्रो? म्हातारपणामुळे?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"तुझ्या आईला विचार, आम्ही एका वर्गात होतो."

मग ताना उभी राहिली. हशा थांबला.

"नियम हवाच," ती म्हणाली. "खोटं बसणं बंद झालं तर खरं बसलेलं कळेल. मला त्या दिवशी कळलं नाही."

"कळलं नाही?" दायाना उसळली. "गुडघा घातलास तेव्हा कळलं नाही?"

"चेंडूवर होते मी!"

"गळा धरलास तेव्हाही चेंडूवर होतीस?"

सेफेरिनोला पुढचं ऐकू आलं नाही. तो खुर्च्यांवरून गेला. पहिला ठोसा तानाच्या तोंडावर बसला, तिचा ओठ दातावर फाटला. दुसऱ्या वेळी तिने त्याचा हात पिळला आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचं त्याला आतून ऐकू आलं. दायानाने तानाच्या बरोबर आलेल्या पोरीला केसांनी धरून टेबलावर आपटलं. थर्मास फुटला, उकळतं पाणी कोणाच्या तरी पायावर सांडलं, किंकाळी उठली. सेफेरिनो खाली पडला. त्याच्या बरगडीत लाथा बसत होत्या आणि तरी हाताला लागलेला तानाचा घोटा तो सोडत नव्हता. मोडायचाच होता त्याला तो.

"मार!" ताना वरून ओरडली. तोंडातून रक्त गळत होतं. "मार मला! पण यांना सांग तू तिला काय म्हणालास ते! दोन पावलांवर होते मी, सेफेरिनो. तू हसलास. एक मिनिट काढ म्हणालास. म्हणून मी तिला नाटकी म्हटलं त्याचं मला काही वाटलं नाही. नवराच हसतोय म्हटल्यावर!"

लाथा थांबल्या. दायानाने मुठीतले केस सोडले.

"खोटं बोलतेय," दायाना म्हणाली. "सेफे, सांग ना, खोटं बोलतेय."

त्याने घोटा सोडला आणि भिंतीला टेकून बसला. नाकातलं रक्त बाहीने पुसलं, ते पुन्हा आलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "आणि अजून आहे. टॉवेल मी दोनदाच टाकला होता. तिसऱ्यांदा तो माझ्या मांडीवर होता. ती आपणहून बसली. हे त्या मैदानात मला एकट्याला नक्की माहीत असायला हवं होतं. पंचाला नाही, तानाला नाही. मला."

भाजलेली पोरगी एका पायावर उभी राहून मुसमुसत होती.

शेवटी पेत्रोनाने विचारलं, "मग नियम हवा की नको, बाबा?"

"ते मला कळत नाही."

ताना त्याच्यासमोर उकिडवी बसली. ओठातून लोंबणारा मांसाचा तुकडा तिने जिभेने आत घेतला. "मारिसेलच्या आईला माहीत आहे?"

"नाही. मी तिलाही, 'बरी आहे म्हणाली', असंच सांगितलंय."

दायाना त्याच्याकडे न बघता बाहेर गेली. सोमवारपासून बूट दुसराच कोणीतरी साफ करू लागला.

त्या दिवशी मतदान झालं नाही, नंतरही झालेलं नाही. मारिसेलची आई आन्यातुयाला राहते, बसने चौदा तास लागतात. सेफेरिनो अजून तिच्याकडे गेलेला नाही.