आरपार जाणाऱ्या दोन गाड्या

"कुठूनही कुठे जा, सरासरी तीन बस पुरतात, हे तुमचंच गणित ना, मॅडम? मग शहराच्या मधून जाणाऱ्या त्या दोन गाड्या हव्यात कशाला?"

बस कंपनीचे साहेब हसत म्हणाले आणि मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मार्गांचं गणित तिनेच मांडलं होतं. बाकीच्या गाड्या कडेकडेने धावायच्या, एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत. फक्त दोन गाड्या शहराच्या पोटातून आरपार जायच्या. एवढं अवाढव्य शहर तळहाताएवढं झालं होतं ते त्यांच्यामुळे.

"साहेब, त्या काढल्या तर तिनाच्या नऊ होतील."

"सत्तरातल्या दोन! आभाळ कोसळणार आहे का?" साहेबांनी डोळे बारीक केले. "तुमची मुलगी त्यातल्याच एकीने जाते म्हणे?"

"जाते. कर्णबधिर मुलांची शाळा एकच आहे, पार पलीकडच्या टोकाला. तिने नऊ गाड्या बदलायच्या?"

"घरची गाऱ्हाणी घरी ठेवा."

त्या दोन गाड्या बंद करायच्या प्रस्तावावर बैठक गोल टेबलाभोवती भरली. साहेब प्रस्ताव वाचत असतानाच मॅडमच्या अगदी समोर बसलेल्या कंपनीच्या अध्यक्षबाईंना ठसका लागला. "जरा पाणी द्या हो!"

पाण्याचा जग मॅडमपुढेच होता. तिने पेला भरला आणि शेजाऱ्याच्या हातात दिला. "पुढे द्या." पेला हातोहात फिरू लागला. साहेबांपाशी तो हिंदकळला, निम्मं पाणी त्यांच्याच कागदांवर सांडलं.

"अहो, समोरून द्या की सरळ!" अध्यक्षबाई खोकत ओरडल्या.

"समोरून जाणंच बंद करतोय ना आपण?" मॅडम म्हणाली. "जिना आहे म्हणून माडी जवळ आहे. आणि साहेब म्हणतात, माडी जवळच आहे, पाडा जिना!"

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाईंनी उरलेलं पाणी संपवलं. "त्या दोन गाड्या काढल्यावरचा आकडा कुठे आहे?"

"तो... काढला नाही अजून," साहेब पुटपुटले.

"मी काढला. साहेबांच्या हातात दिला. दोनदा."

"गाड्या चालू राहतील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मॅडम, पुढचा प्रयोग माझ्या घशावर नको."

बाहेर साहेबांनी तिला गाठलं. "चारचौघांत माझी शोभा केलीत. खासगीत समजावता आलं नसतं?"

"गणित चुकलेल्याला मी शंभरदा समजावते, साहेब," ती म्हणाली. "तुमचं चुकलं नव्हतं."