मधला पट्टा

बारा वाजता पाण्याची पाळी सुरू होणार होती आणि साडेदहाला माझं सॉफ्टवेअर बंद पडलं. उंब्रजजवळच्या आमच्या उपसा सिंचन संस्थेची मोटार आणि व्हॉल्व्ह फोनवरून चालावेत म्हणून मी सहा महिने राबले होते. आज पहिलीच पाळी. संस्थेचे अध्यक्ष जयराजदादा समोर खुर्ची टाकून बसले होते.

"साबेरा, बाराला पानी न्हाई सुटलं तर हे सगळं गुंडाळायचं. तात्याबा हायतच व्हॉल्व्ह फिरवायला."

तात्याबा आमचे पाटकरी. चाळीस वर्षं शिवार तुडवून हातानं पाणी सोडणारा माणूस. ते दारात तंबाखू मळत होते. मला दोघांचाही राग आला, पण चूक माझीच होती.

मोटारीचं काम एका कंटेनरात, व्हॉल्व्हचं दुसऱ्यात, शेतकऱ्यांना निरोप धाडायचं तिसऱ्यात, अशी सॉफ्टवेअरची वेगवेगळी खोकी मी केली होती. ती चालायची एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पोटात थाटलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. त्याला मी वीस जीबीची डिस्क दिली होती, उगाच हात आखडून. ती आज काठोकाठ भरली आणि एकही कंटेनर उठेना.

मी मशीन बंद केलं, त्याची नक्कल काढून ठेवली, डिस्क साठ जीबी केली आणि परत चालू केलं. फरक शून्य. डिस्कवरचा माझा भाग, ज्यात ही खोकी होती, तो वाढव म्हटलं तर उत्तर आलं, वाढायला जागा नाही. चाळीस जीबी मोकळे पडलेत आणि म्हणे जागा नाही. कॉम्प्युटर उचलून आपटावासा वाटला.

अकरा वाजून गेले. शेवटी मी कागदावर डिस्कची पट्टी काढली. आधी माझा अठरा जीबीचा तुकडा, मग दोन जीबीचा एक, मग मोकळे चाळीस. तात्याबा उठून आले आणि वाकून बघू लागले.

"ह्यो तुझा. आन् ह्यो मोकळा बी तुझाच. मग मधी कोन बसलाय?"

"स्वॅप. मेमरी कमी पडली की मशीन तिथं सामान ठेवतं."

"म्हंजी घरातलाच हाय. उचल आन् पार पल्याडच्या टोकाला बसव. आमी भावकीत वीरधवलशी अशीच अदलाबदल केली, तवा कुठं रान एक झालं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे मला सुचायला हवं होतं, पण घाबरल्यावर माझं डोकं चालत नाही.

स्वॅप बंद केला. मधला तुकडा पुसण्याआधी प्रत्येक आकडा दोनदा वाचला, कारण एक आकडा चुकला की नक्कल परत चढवण्यात दुपार गेली असती. मग माझा भाग वाढवला, शेवटच्या दोन जीबीत स्वॅप बसवला. पडद्यावर अठ्ठावन्न जीबी उमटले. तिन्ही कंटेनर एकापाठोपाठ उठले. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बाराच्या ठोक्याला मी फोनवरचं बटण दाबलं. तात्याबांनी लीलाबाईला फोन लावला. तिचं रान अगदी शेवटच्या व्हॉल्व्हवर, तिथं पाणी नेहमी उशिराच पोचायचं. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आलं की पानी. लय जोरात हाय. पर तुमी कुठं दिसंना, तात्याबा?"

"मी हापिसात बसलोय."

"आवं, मग सोडलं कुनी?"

तात्याबांनी जयराजदादांकडे बघत फोन तोंडाजवळ घेतला.

"आपल्या साबेरानं," ते म्हणाले.